शीर लागली

२ मार्च
पोचले एकदाची. जीपने माझ्या हाडांची नव्याने मांडणी केली, पण डोंगर पाहिला आणि जीपला माफ करून टाकलं. काळ्या खडकावर हिरवे ओघळ, जणू कुणी वरून रंगाचा डबा सांडलाय. तांबं आहे हे आंधळ्यालाही कळेल. ते काढण्याजोगं आहे का, एवढंच मी सांगायचं. आधी तिघे तज्ज्ञ येऊन गेले, असं मुकादमाने तोंडभर हसत सांगितलं. गेले कुठे, तर म्हणाला, इथेच रमले. पत्र्याच्या शेडमध्ये खाट मिळाली. मच्छरदाणीला भोकं फुकट. नवऱ्याला फोनवर कळवलं, सगळं छान आहे. तू छान म्हणतेस म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय, म्हणाला.

४ मार्च
मजुरांनी खणलेल्या चरात पांढऱ्या गारगोटीची शीर दिसते. जेमतेम दोन बोटं रुंद, आत पितळेसारखे चकाकणारे कण, आणि वीतभर पुढे जाऊन खडकात गडप. म्हणजे अहवाल एका ओळीचा: डोंगर दिसायला श्रीमंत, खिशात काही नाही.
कोरडा दगड मुका असतो. म्हणून आमच्या धंद्यातले सगळेच करतात ते मी केलं, दगडाला जीभ लावली. ओल्या जागी कण लख्ख दिसतात. एरवी लोक यावर हसतात. इथे कुदळी थांबल्या आणि कुणीही हसलं नाही. संध्याकाळी, मला वाढताना हात आखडणाऱ्या आचाऱ्याने ताट शिगोशीग भरलं.

७ मार्च
शीर चार बोटं झालीय. टेप चुकला असेल म्हणून दुसऱ्या टेपने मोजली. जिथे जीभ लावली होती, नेमकी तिथेच फुगलीय. दगड असं करत नाहीत. निदान आजवर केलं नव्हतं. मुकादम खुशीत. बाई, अजून जरा चाखून बघा की, म्हणाला. मी म्हटलं, तुम्हीच चाखा. तो पटकन मागे सरला.

९ मार्च
तोंडात नाणं चघळल्याची चव. जीभ हिरवट. मनगटावरच्या शिराही. आचाऱ्याने माझं भांडं वेगळं काढलंय.
मुकादमाला झापलं, तर तो सरळच बोलला. शीर बारीक निघाली तर कंपनी गाशा गुंडाळणार, मग आम्ही काय दगड खायचे? आणि डोंगरालाही खायला लागतंच की, बाई. वर हेही सांगितलं, की मोठी शीर सापडल्याची खबर त्याने पाठवलीय आणि कंपनी मदतीला आणखी एक बाई धाडतेय. माझ्याच आडनावाची.
माझी लेक. याच कंपनीत नुकतीच लागलीय. दगड दिसला की तिचीही जीभ आधी पुढे. मीच शिकवलंय.
तिला थांबवायला हवं. पण माझा फोन मुकादमाने काढून घेतलाय, त्याच्याच खिशात आहे.

११ मार्च
पायी निघाले. कुणी अडवलं नाही. उलट एकाने मागून विचारलं, बाई, रिक्षा बोलावू का? सगळे खिदळले.
पहिल्या वळणापर्यंतच गेले. गुडघे वाकेनात. नडगी खरवडली — कातडीखाली पांढरी गारगोटी. दुखत नाही. तेच वाईट.

१३ मार्च
आज टेप मला लावला. दंडाला, मानेला. मुकादम समाधानाने मान डोलवत होता.
चरात आणून उभं केलं. भेगेत मी नेमकी बसते. शेजारच्या खडकात एक जबडा आहे. पलीकडे आणखी दोन —
रमलेत.

१५ मार्च
उजवा हात अजून माझा. पण हात आणि वही भेगेच्या आत, बाहेर निघत नाहीत.
जीप. लेकीचा आवाज. आई कुठेय, विचारतेय. मुकादम म्हणतो, कालच खाली गेल्या, चुकामूक झाली बघा.
मागे फिर, बाळा — तोंड उघडत नाही —
वाकली. माझ्यावरच. दगड न्याहाळतेय. नको —
बाटली काढली तिने. पाणी ओतलं. शहाणी गं माझी पोर. वाचली. आता जा.
जा —

पण पाणी किती अळणी. काही चवच नाही. ठेव ती बाटली. अशी जवळ ये. नुसतं जिभेचं टोक, सोन्या, एकदाच —