परत आलेले पट्टे

सोमवार, ३
नवी नोकरी सुरू. पंधरा वर्षं कानाची यंत्रं दुरुस्त केली, आता पट्टे. लांब राहणाऱ्या जोडप्यांसाठी जोडीने विकतात: एकाने आपला पट्टा कुरवाळला की दुसऱ्याला तो हात अंगावर जाणवतो. बिघडून परत आलेले माझ्याकडे येतात. खिडकी मोठी, चहा बरा, शेजारच्या टेबलावरच्या मावशी बोलक्या. दुरुस्त झालेला पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधून तपासायचा, पण मध्ये पातळ कापड हवंच, हे त्यांनी तीनदा बजावलं.

गुरुवार, ६
कापडावरून दोष नीट कळत नाही. माझी बोटं याच कामासाठी नावाजलेली, म्हणून कापड काढून टाकलं. एका पट्ट्यात कुणाचा तरी हात शिल्लक होता. सावकाश, जाणता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. खोटं कशाला लिहू, मला आवडलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पट्टा सोडला नाही.

मंगळवार, ११
उजव्या मनगटावर चट्टा उठलाय. गुळगुळीत, बिनकेसांचा, पट्ट्याच्या अस्तराच्या रंगाचा. दुखत नाही, उलट सुखावतो. मावशींनी आपली बाही वर केली. त्यांचा चट्टा कंपनीच्या डॉक्टरने सोलून काढला होता. त्या जागी आता चटकाही कळत नाही म्हणाल्या.

शनिवार, १५
चट्टा खांद्यापर्यंत. तो हात पट्ट्याशिवायच येतो, छातीवरून फिरतो. डॉक्टर म्हणाला, हा आजार आहे. त्याच दमात म्हणाला, इतकं जिवंत अस्तर कंपनीला आजवर जमलं नव्हतं. सही करा, हात खांद्यापासून आमचा. मी सांगितलं, आजार माझा, सुख माझं, हातही माझाच. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

सोमवार, १७
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर गिचमिड. त्या पट्ट्याच्या जोडीचा दुसरा पट्टा डॉक्टरने मिळवलाय — तिकडे डॉक्टर त्यावर बोट फिरवतो, इकडे माझी बोटं वळतात. आधीचा हात विचारून यायचा. हा ओढतो. किळस येते.

मंगळवार, १८
सहीचा कागद घरी आला. फाडला. दुसरा आला.
उजव्याने आपणहून पेन उचललं — माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं —
उजवी बोटं दातांत धरलीत. चव रबराची. आता रक्ताची. म्हणजे आत अजून मीच — चावतेय — सोडणार नाही — सही होऊ देणार ना—