बोटी नकोत, डबे चालतील

अण्णा, तळ्याकाठच्या तुमच्या रानात आता माणसं बसून जेवतात, आणि ती परवानगी मी भांडून मिळवली. तुम्ही असतात तर आठवडाभर माझ्याशी बोलला नसतात. चाललं असतं मला.

तुम्ही वनखात्यात होतात तोवर शहराबाहेर, हिनकल गावापलीकडच्या त्या रानाला फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. चौथीत असताना मी मैत्रिणींना घेऊन कुंपणातून आत शिरले. आईनं दिलेला चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या पिवळ्या भाताचा, डबा मधे ठेवून आम्ही बांधावर बसलोय, बोटं हळदीनं पिवळी झालीत, आणि समोर खाकीतले तुम्ही. "उठा. इथं माणसाचं काय काम?" तेही कानडीत, मैत्रिणींनाही नीट कळावं म्हणून. संध्याकाळी आपल्या अग्रहार पेठेतल्या घरी, स्वयंपाकघरात आई म्हणाली, "लेकरं सुम्ने, उगी बसली होती हो, झाडं खाल्ली का काय त्यांनी?" तुम्ही ताकभात कालवत राहिलात.

मग तुम्ही निवृत्त झालात, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि रानाची एक अख्खी कड करवतीखाली आली. अडवायला तुम्ही गेलात, सोबत मी. तिसरं कुणी नाही. जवळच राहणारा एकजण बघत उभा होता, त्यानं तुम्हाला सहज विचारलं, "आत काय होतं, सर?" तुमचा चेहरा मला अजून दिसतो. पण अण्णा, कुलूप तुमचंच होतं. आत काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ओरडेल कशाला?

आता ते रान सार्वजनिक उद्यान झालंय, आणि मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून त्याच्या समितीवर आहे. लोकांना तिथं काय करू द्यायचं, हे ठरवायला गेल्या महिन्यात बैठक झाली. नगरसेवकांना मोटारबोटी हव्या होत्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष म्हणत होते, फक्त फिरणाऱ्यांनाच सोडा; डबे आणून बसणारे कचरा करतात. डबेवाल्या म्हणजे रविवारी येणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यातल्या बायका. आदल्याच रविवारी रखवालदारानं शिट्ट्या फुंकून त्यांना उठवलं होतं. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, घरी एक खोली, त्यात सहा माणसं. बसायचं कुठं आम्ही?"

बोटींना मी साफ नाही म्हटलं. मधल्या बेटावर पाणपक्ष्यांची घरटी असतात, इंजिनाच्या आवाजानं पक्षी उठतील आणि परत यायचे नाहीत. अध्यक्ष खूश झाले, मी त्यांच्याच बाजूची असं वाटलं असावं. "तुमच्या वडिलांनी तर इथं कुणाला पाऊल टाकू दिलं नसतं," ते म्हणाले. सगळ्यांच्या माना आदरानं हलल्या. मी उभी राहिले. "नसतंच दिलं. आणि ते चुकले होते."

मी तिथंच थांबले नाही. त्या कापलेल्या कडेची गोष्ट सांगितली, अडवायला आपण दोघंच होतो हे सांगितलं. "उद्या कुणी पुन्हा करवत आणली, तर तुमचा संघ येईल का माहीत नाही. या बायका येतील, कारण त्यांना बसायला दुसरी जागा नाही." वाद लांबला, चहा दोनदा आला. शेवटी ठरलं: बोटी नाहीत, कर्णे नाहीत, घरट्यांच्या दिवसांत बेटासमोरचा काठ बंद. पण चिंचेखालच्या गवतावर कुणीही बसावं, डबा उघडावा, मुलांनी धावावं. कचरा आपला आपण उचलून न्यावा. नगरसेवक आता समोर आले की मान वळवतात. अध्यक्षांनी नमस्कार करणं टाकलंय. टाकू देत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं धडधडीत लिहिते आहे. तुम्ही चुकलात हे मी चारचौघांत म्हटलं, पुन्हाही म्हणेन. फक्त एक आहे, अण्णा. त्या खोलीत मागच्या एखाद्या खुर्चीवर तुम्ही बसलेले असतात, तर माझ्यानं बोलायला उठवलं नसतं.