दयानंदची जन्मतारीख

३ जुलै २०२४, नांदेड

शाळेतून फोन! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, चाकूरकडच्या त्या शाळेतून बदली होऊन तर सव्वीस – आणि आज माझी आठवण झाली. हल्लीच्या मुख्याध्यापिका, पुनम मॅडम. कारगिलला पंचवीस वर्षं होताहेत. आपला दयानंद तिथं गेला, त्याच्या नावाचा फलक २६ तारखेला शाळेत बसवायचाय. "गुरुजी, तुम्हीच त्याला पहिलीत घेतलंत. चार शब्द बोला."

बोलतो म्हणालो. भाषणाला मी कधी नाही म्हणालोय?

८ जुलै

फलकाचा मजकूर मोबाईलवर आला. जन्म : १ जून १९८०. वीरमरण : जुलै १९९९.

एक जून! ही माझीच करामत. जून ८६. पट भरत नव्हता, एका शिक्षकाची जागा जाणार होती, आणि ती जागा माझी. दारोदार हिंडून पोरं गोळा केली. दयानंदची आई केवळाबाई म्हणाली होती, "आवंदा पोळ्याला पाच सरतील, गुरुजी. लई ल्हान हाय." मी सहा पूर्ण लिहिली. वय बसवायचं म्हणजे एक जून – गावातली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलेली, मीही त्यातलाच. कुणाचं काही बिघडलं नाही.

याचं बिघडलं. कागदावर एकोणीस, आणि खरी अठराही पुरी नव्हती.

११ जुलै

जेवण गेलं नाही. बायकोला म्हणालो, पित्त झालंय.

१५ जुलै

शाळेत जाऊन आलो. दहावीच्या वर्गात हजेरी चालली होती. पहिलं नाव मॅडमनी घेतलं – दयानंद. सगळा वर्ग एका दमात ओरडला, "हजर!" रोज घेतात म्हणे, पंचवीस वर्षं. दारातच उभा राहिलो, आत पाऊल टाकवेना.

भाषणाला उपयोग होईल म्हणून मॅडमनी जुन्या फायली दिल्या. त्यात लष्कराचं एक पत्र. सदर जवान वयाने लहान असल्याचे कळते, शाळेची नोंद तपासून कळवावे. खाली उत्तराची प्रत : "नोंद बरोबर आहे." १४ मे १९९८. प्रभारी मुख्याध्यापक – सही माझी!

पार विसरलो होतो. सुट्टी होती, बदलीची गडबड होती, रजिस्टर पाहिलं आणि लिहून टाकलं. खरं एक वाक्य लिहिलं असतं तर पोरगं घरी आलं असतं.

१६ जुलै

हजर. दिवसभर कानात तेच.

२४ जुलै

मॅडमना फोन केला, फलकावरची तारीख चुकलीय म्हणालो. "रजिस्टर तेच सांगतंय, गुरुजी. अन् दगड कोरून झालाय." त्यांचं काय चुकलं? रजिस्टर माझंच.

केवळाबाईला सगळं सांगणार. नोंदीचं आणि पत्राचंही. भाषणाच्या आधी. मला भीती वाटतेय, पण आता हे पोटात ठेवून जगणं नको. चप्पल काढून मारली तरी खाईन.

२६ जुलै

सकाळी आधी तिच्याच घरी गेलो. तोंड उघडायच्या आत तीच बोलू लागली. "लेकरू ल्हान हाय, परत धाडा, म्हून मीच मिलिट्रीला कागद लिवून घेतला हुता, गुरुजी. शाळेनं उलटं कळवलं म्हणं. तुमी बदलून गेलते. न्हाईतर तुमी खरं लिवलं असतं."

"हाव, लिहिलं असतं," म्हणालो. मग जाऊन भाषण केलं.