पहिल्या दोन दिवसांची साखर

१६ सप्टेंबर १९८५
पुन्हा अडले! उंदराचे सदतीस गर्भ, सगळे दोन पेशींवर थांबलेले. त्यांना वाढवायचं द्रावण मी स्वतः केलं, माझ्याच कृतीनं, दोनदा वजन करून. प्रयोगशाळेतली मदतनीस गेनकामावशी निवृत्त झाल्यापासूनची ही चौथी खेप. एकोणीस वर्षं द्रावण तीच करायची.

१८ सप्टेंबर
पाणी बदललं. तेल बदललं. काही फरक नाही.

१९ सप्टेंबर
दुसऱ्या वर्षाचा तास. गर्भाचं पहिलं इंधन ग्लुकोज, असं नेहमीप्रमाणे सांगितलं. मागच्या बाकावरून बिल्याना, "हे कुणी पाहिलंय का, बाई?"
"पुस्तकात आहे."
"पुस्तक तुमचंच आहे."
वर्ग हसला. मीही हसले.
नंतर विभागप्रमुख हाजीएव भेटले. "रुमेना, डिसेंबरात प्राध्यापकाची खुर्ची तुमचीच. अकरा लेख आहेत, कोण अडवणार?"

२२ सप्टेंबर
बसनं पेरुश्तित्साला, मावशीकडे. अंगणात मिरच्या भाजत होती. हात काळे, डोळ्यांत पाणी. मला सोलायला बसवलं. विचारलं, द्रावणात तू वेगळं काय करायचीस?
"ग्लुकोज नाही घालायची."
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
"पहिले दोन दिवस नकोच असतं त्यांना. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बशीत घालून द्यायची, तेव्हा भूक लागते. सुरुवातीला एकदा विसरले होते, तर काय वाढले! तुम्ही खूश होऊन मला चॉकलेटं आणलीत. मग कशाला सांगायचं?"
"एकोणीस वर्षं, मावशी!"
"सांगितलं असतं तर ओरडला असतात. सोला, सोला — गार झाल्या की साल निघत नाही."
गर्भ किती प्राणवायू घेतात ते मी मोजत आले. तो ग्लुकोज जाळण्यासाठी लागतो, असं अकरा लेखांत लिहीत आले. पहिले दोन दिवस बशीत ग्लुकोज नव्हतंच.
निघताना तिनं मिरच्यांची एक बरणी दिली. म्हणाली, "कुणाला बोलू नका हं. तुमचं नुकसान होईल."

२६ सप्टेंबर
ग्लुकोजशिवाय. बेचाळीसपैकी अडतीस आठ पेशींवर. इतके सुंदर गर्भ बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

२७ सप्टेंबर
हाजीएवना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "पुढच्या लेखात 'सुधारित द्रावण' म्हणा आणि मोकळ्या व्हा. एका मदतनीस बाईचं बोलणं कोण पुरावा मानतं?"
खरं आहे. कुणीच नाही.

३० सप्टेंबर
'सुधारित द्रावण' — मसुदा झाला. सफाईदार आहे. टंकलेखनाला दिला.

१ ऑक्टोबर
तास. तेच शिकवलं. बिल्यानानं उतरवून घेतलं, अक्षर न् अक्षर.

३ ऑक्टोबर
मसुदा परत आणला. अकरा लेख चुकीचे आहेत, असं ते छापणाऱ्या तिन्ही नियतकालिकांना कळवलं. पत्रं नोंदणी करून पाठवली. बाराव्या लेखावर दोन नावं, पहिलं गेनकामावशीचं. हाजीएव आता बोलत नाहीत.