भरपाई झालेलं रक्त

सोमवार, ३

पोहोचलो एकदाच्या! क्वार्टर छोटंसंच आहे, पण नळाला पाणी आहे, खिडक्यांना गज आहेत आणि शेजारी भांडकुदळ वाटत नाहीत. समोरच छातीच्या विकारांचा दवाखाना, लांबलचक आणि बैठा. रक्तातल्या वायूंच्या तपासणीची तंत्रज्ञ म्हणून उद्यापासून मी तिथे.

धाकटी बहीण बरोबर आलीय. घर लावून द्यायला आलेय, असं तिचं म्हणणं. खरं कारण म्हणजे आईच्या बोलण्यांतून चार दिवस सुटका. पंधरवड्यानं तिला नोकरीवर रुजू व्हायचंय. पोरगी जशी नेतेयस तशीच परत आणून सोड, असं आईनं मला दहा वेळा बजावलं. बाईसाहेबांच्या तोंडाला प्रवासभर कुलूप नव्हतं. आत्ताही स्वयंपाकघरात भांड्यांशी गप्पा चालल्यात.

मंगळवार, ४

पहिला दिवस मजेत गेला. इथे एक रीत आहे. नवा माणूस आला की त्यानं पहिला नमुना कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांचा घ्यायचा. मनगटातली धमनी बोटाखाली शोधायची, सुई घालायची. आजोबा हसतमुख. ते इथे कधीपासून आहेत, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यांच्या छातीचा फोटो पाहिला तर वाळवी लागलेली फळी. एवढ्याशा फुप्फुसावर माणूस जगतो कसा? पण मशीनमधून आकड्यांची चिठ्ठी आली ती विशीतल्या पोराला शोभेल अशी. मशीन पुन्हा तपासलं. मशीन ठीक होतं.

संध्याकाळी धाकटीला सगळं समजावून सांगितलं. श्वास नीट बाहेर पडला नाही की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रक्त आंबट होतं. मग मूत्रपिंडं क्षार राखून ठेवतात आणि आंबटपणा मारतात. फुप्फुसांनी घोळ घालायचा आणि मूत्रपिंडांनी निस्तरायचा. पण त्यांना काही दिवस लागतात. म्हणून क्षार वाढलेले दिसले तर समजायचं, दुखणं जुनं आहे, शरीरानं जुळवून घेतलंय. ती म्हणाली की म्हणजे मूत्रपिंड ही घरातली थोरली बहीण! फाजील कार्टी.

शुक्रवार, ७

धाकटीनं दवाखान्यातही ओळखी काढल्या. रोज दुपारी आजोबांना पेपर वाचून दाखवते. ते फार गोड ऐकतात म्हणे.

इथली माणसं मात्र अबोल. नर्स असो की झाडूवाली, एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. सगळ्यांचे हात गरम, गाल लालसर. सकाळी सगळ्यांचं डोकं दुखतं. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इथली हवा जड आहे, सवय होईल.

आज माझंही डोकं दुखत होतं.

सोमवार, १०

धाकटी सकाळी उठेना. गदागदा हलवलं तेव्हा डोळे उघडले, आणि पुन्हा झोप. कपाळ गरम नव्हतं, हात मात्र ऊन. हात पुढे करायला लावले तर पंजे फडफडले, वायू साठलेल्या रोग्याचे फडफडतात तसे.

माझ्याच हातानं तिच्या मनगटात सुई घातली. एरवी इंजेक्शन पाहून किंचाळणारी पोरगी हूं की चूं करेना. कार्बन डायऑक्साइडचा आकडा साठ, हवा चाळीस. आंबटपणाचा आकडा ७.२४; हवा ७.४, आणि हा जितका खाली तितकं रक्त आंबट. क्षार अगदी नेहमीचेच.

म्हणजे हे नवं आहे. आत्ताच सुरू झालंय. हिची फुप्फुसं घोड्यासारखी होती!

तिला आजच घरी नेते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं की अशा रक्तावर प्रवासात काही झालं तर? थोडी भरपाई होऊ दे, आकडा ताळ्यावर येऊ दे, मग ने. मलाही ते पटलं. आम्ही आकडे बघणारी माणसं. धाकटीला कोपऱ्यातल्या खोलीजवळची खाट मिळाली.

बुधवार, १२

आज आजोबांचा नमुना घ्यायला गेले. नाडी शोधताना सहज त्यांच्या छातीकडे लक्ष गेलं. मी श्वास घ्यायला जावं तर त्यांची छाती आधी वर येते. माझा श्वास अर्ध्यावरच अडतो. मी थांबले तर तेही थांबले. मी घाईनं घेतला तर त्यांनीही घाईनं घेतला, माझ्याआधी.

ते हसत होते. धाकटी छान वाचते, असं म्हणाले.

मी नमुना न घेताच बाहेर आले. खाट दुसरीकडे हलवायला सांगितली. नर्सनं मान डोलावली. खाट तिथेच आहे.

शनिवार, १५

धाकटीची चिठ्ठी. आंबटपणाचा आकडा वर आलाय, ७.३६. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली — भरपाई झाली, आता काळजी नाही. नर्सही हसली.

पण कार्बन डायऑक्साइड बासष्ट आहे. तसाच. फक्त क्षार वाढलेत, चौतीस. काही बरं झालेलं नाही. शरीरानं तक्रार करणं सोडलंय, एवढंच. आणि ते होण्याची वाट मी पाहिली. मी! साठणाऱ्या वायूची सवय झाली की श्वास घे म्हणून शरीराला टोचणारी एकच गोष्ट उरते — ऑक्सिजनची टंचाई. हे मला पाठ आहे. तरी मी वाट पाहिली.

मग नर्सचा नमुना घेतला. तिनं विचारलंसुद्धा नाही, हात पुढे केला. झाडूवालीचा घेतला. डॉक्टरीणबाईंचाही. माझाही.

सगळ्यांचं तेच. आकडा बरोबर, क्षार वाढलेले.

माझ्याआधीच्या तंत्रज्ञाचं काय झालं, डॉक्टरीणबाईंना विचारलं. बदली घेऊन गेला म्हणाल्या. बसमध्येच त्याचा श्वास — बाहेरची हवा सोसत नाही, असं म्हणून त्या उठून गेल्या.

रविवार, १६

सकाळ. तिला चाकाच्या खुर्चीत घातलंय. मांडीवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. कुणी अडवलं नाही. सगळे व्हरांड्यात उभे राहून बघत होते.

कोपऱ्यातल्या खोलीवरून जाताना मी श्वास धरून ठेवला. आतून खोकला आला.

रविवार — बसथांबा

फाटकाबाहेर आलो. चढावर तिचे ओठ निळे पडले. मी घाबरले. नळी लावली, आणि सिलिंडर पूर्ण उघडला. पूर्ण. मी, जी सगळ्यांना सांगत फिरते की अशा रोग्याला ऑक्सिजन थोडा, अगदी थोडा —

ओठ गुलाबी झाले. किती छान दिसली. हसली. ताई म्हणाली.

मग छाती थांबली.

टंचाईच मी संपवली.

सिलिंडर बंद केलाय. पण श्वास आपणहून येत नाही. कानात ओरडले, घे. तिनं घेतला. सांगितलं की घेते. नाही सांगितलं की नाही. आत दवाखान्यात श्वास देणारा हातपंप आहे, पण आणायला गेले तर तोवर तिला कोण सांगणार? हाका मारल्या. व्हरांड्यातून कुणी हललं नाही.

बस येईल. घे. सोड.

माझेही डोळे मिटतायत. लिहिणं थांबलं की मिटतात, म्हणून लिहितेय. घे. सोड.

आई, आणतेय गं तिला. घे. सोड.

बसचा आवाज — नाही. घे.

मघाशी मी माझा घेतला होता का? आठवत नाही — मला कोण —

घे. सोड. घे. सोड. घे

सो