मिटलेल्या डोळ्यांसमोरचा हात

ता. ५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

चर्चची सभा संपली आणि सकाळच्या बसनेच इकडे कामावर आलो. ठेकेदारकाकांनी या नव्या दवाखान्याचं सगळं वायरिंग माझ्याकडे दिलंय. जेवणाचे हाल आहेत. तुझी बोलणी खायची सवय, इथं तीही मिळत नाहीत.

घंटामावशींचं फार वाईट वाटलं. वेदीमागची खोली त्यांची इस्त्री चालू राहिल्यामुळेच जळाली, असं सभेनं धरलं. आता घंटा वाजवायचं काम जाणार आणि आवारातली खोलीही. त्यांना काढू नये असं वाटतं त्यांनी हात वर करा, असं पाळकसाहेब म्हणाले, तेव्हा मिटल्या डोळ्यांनी मी केला. एकच हात आला हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला भडभडून आलं. निघताना मावशींना हळूच सांगितलं, तो माझा होता. बिचाऱ्या किती रडल्या!

त्यांच्याकडे लक्ष दे, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
फ्यूज

ता. १२ नोव्हेंबर

चि. फ्यूज,
अ. उ. आ.

तो एक हात माझा होता.

चर्च कमिटीच्या शाळेत शिकवणारी ताई कुठली हात वर करते, असं तुला वाटलं असेल. त्या खोलीतली वायर उंदरांनी कुरतडलीय, ठेकेदारकाकांना दाखवली तर नंतर बघू म्हणाले, हे तूच माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना सांगितलं होतंस. सभेत तू उठून बोलशील म्हणून मी वेड्यासारखी वाट पाहत राहिले. निदान हात तरी वर करशील, ही खात्री होती.

माणसांची भीड पडू नये, भय एका देवाचं असावं, म्हणून आपल्या चर्चमध्ये आजोबांच्या वेळेपासून डोळे मिटून हात वर करतात. मिटल्या डोळ्यांपुढेही तुला ठेकेदारकाकाच दिसले. आणि वर न केलेल्या हाताबद्दल एका म्हातारीचे आशीर्वाद घेऊन गेलास! फार लागलं रे मला. लहानपणापासून तुला पाठीशी घातलं ते यासाठी का?

मावशी आता माझ्याकडे राहतात. त्यांना मी खरं सांगितलेलं नाही. ती शाबासकी मला नको आहे. वायरचं मात्र पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ज्यानं पाहिलं त्यानं येऊन सांगावं. म्हणजे तू.

सोबत मावशींनी तुझ्यासाठी विणलेला स्वेटर आहे. रोजच्या प्रार्थनेत त्या तुझं नाव घेतात. मी आमेन म्हणते, पण जीभ जड होते.

रागावले तरी तुझीच,
ताई

ता. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

तू फार मनाला लावून घेतेस. काकांनी हात काढून घेतला तर मला काम कोण देईल? जरा दम धर, हे काम पुरं होऊ दे, मग योग्य वेळ बघून बोलतो.

स्वेटर परत पाठवतो आहे. अंगात घालवेना. बाह्या लांब होतात, एवढंच मावशींना सांग.

राग निवळला की चार ओळी लिही.

तुझा,
फ्यूज

ता. २७ नोव्हेंबर

चि. फ्यूज,
अ. उ. आ.

तुझा खोटा निरोप मी दिला नाही. पण पार्सल मावशींनीच उघडलं, आणि आत स्वेटर बघून मापच चुकलं असणार, असं त्यांनी आपणहून ठरवलं. माझ्यासमोर बसून दोन्ही बाह्या उसवल्या. त्या भल्या माणसाला थंडी वाजत असेल, असं पुटपुटत पुन्हा टाके घालायला घेतले. मला तिथं बसवेना, मी परसात जाऊन रडले.

वायरचं बोलले म्हणून कमिटीनं शाळेत माझी जागा दुसरीला दिली आहे. त्याचं दुःख आहे, पण झोप लागते. तुला लागते का?

रविवारी ये. उपासनेनंतर पाळकसाहेब थांबणार आहेत. त्याआधी घरी ये, मावशींना माप घ्यायचं आहे. माप घेताना त्या तुला हात वर करायला सांगतील. त्यांचे डोळे उघडे असतील.

वाट पाहणारी,
ताई