माहितीपट आणि आजोबांचे कान

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामी म्हणाली, तुमची कुरकुर पूर्वीइतकीच आहे. म्हणजे बरा असणार.) आम्ही सगळे ठीक, फक्त आई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण सांगायलाच बसले आहे.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या वाचनालयात गोऱ्या साहेबांच्या राजवटीवरचा माहितीपट दाखवला. नंतर लोकांनी त्यावर मोकळेपणी बोलावं, ही माझीच कल्पना. (नसते उद्योग, असं आई आधीच म्हणाली होती.) चर्चेसाठी सहा प्रश्नांच्या चिठ्ठ्या छापून मी खुर्च्यांवर ठेवल्या होत्या. लोक त्यांच्यावर बसले. चूक एवढीच झाली, की माहितीपट मी आधी पूर्ण पाहिला नाही. आवाज नीट येतो का, ते बघण्यापुरती पहिली पाच मिनिटं पाहिली, आणि आवाज उत्तम होता.

बाविसाव्या मिनिटाला एक जुनं चित्रण आलं. रस्त्याच्या कामावर धरून आणलेली माणसं भर उन्हात रांगेत उभी, समोर खुर्चीत साहेब, आणि साहेबावर छत्री धरलेला एक तरुण. मामा, त्याचे कान तुम्हाला आहेत, मला आहेत, आणि वाचनालयाच्या भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोलाही आहेत. सगळी डोकी आधी फोटोकडे वळली, मग माझ्याकडे. (केस मोकळे सोडायला हवे होते.) आजोबांनी साहेबापुढे कधी मान वाकवली नाही, हे ऐकत मी वाढले. ते खरंच निघालं. छत्री धरायला मान ताठच लागते.

दिवे लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कोपऱ्यावरचे शिंपीकाका उठले. "त्या रांगेत माझे आजोबा असतील," ते म्हणाले, "पण हात तुमच्या आजोबांचाही भरून आला असेल. कोणाच्या घरच्यांनी तेव्हा काय केलं, ते आज सांगूनच टाकू." मग काय, बांधच फुटला. निवृत्त हेडमास्तरांच्या वडिलांना बादशहावरच्या कवितेसाठी पदक मिळालं होतं. ते हेडमास्तरांनी चाळीस वर्षं बायकोपासून लपवलं होतं. औषधवाल्याचे आजोबा छावणीला दूध घालायचे. (त्यात पाणी असायचं, तोच आमचा लढा, असं तो म्हणाला.) माझ्या चिठ्ठ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण आई मध्येच उठून घरी गेली. तिच्या वडिलांना मी चारचौघांत उघडं पाडलं, याचं मला फार वाईट वाटतंय.

तुमची भाची

ता. क. खरं काम हे, की येत्या रविवारी पुन्हा सगळे जमणार आहेत, तेव्हा तुम्ही या. ते आजोबा नव्हतेच, असं तुम्ही म्हणालात तर आई मानेल. तुमच्या शब्दाबाहेर ती नाही. थोडं खोटं बोलावं लागेल.

ता. क. २. दादा, पोरीने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, ते मी वाचलं. मी रागावलेली नाही. बाबांनी शेवटच्या आजारपणात आपल्या दोघांना सगळं सांगितलं होतं, आणि तू मला शपथ घातलीस, हे कुठे बोलायचं नाही म्हणून. परवा सगळे बोलत होते आणि माझ्या तोंडाला कुलूप. बसवेना, म्हणून उठले. घरीही तोंड उघडलं तर तेच बाहेर येईल, म्हणून गप्प आहे. तू खोटं बोलायला येऊ नकोस. फोनवर 'शपथ सुटली' एवढं म्हण. रविवारी पहिली मी बोलणार आहे.